बिनमाइकची हजेरी

माझ्या मोबाइलवर एक ग्रुप आहे. तो उघडला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि तरी सकाळी चहाच्या आधी मी तोच उघडते. ग्रुपात सगळे पुरुष, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गावोगावचे. कुणाची द्राक्षबाग, कुणी पिंपरीच्या कंपनीतून रिटायर झालेला, कुणाचं हार्डवेअरचं दुकान. सगळ्यांना वेड एकच, गिटारवाल्यांचं. मलाही तेच वेड, म्हणून मी तिथं. मालकांचा चुलतभाऊ, म्हणजे माझा दीर, ग्रुपाचा ॲडमिन. त्यानंच मला आत घेतलं. घेताना म्हणाला, वहिनी, तुम्ही लिहिता-बिहिता, आमच्या आठवणींना जरा वळण लावा.

गिटारवाले म्हणजे जुन्नरचा एक संच. त्यांचं खरं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरात असायचं, पण ते म्हणायचं कुणी नाही. गायक गोंधळ्याच्या घरातला. गिटारीवर बसायचा तो जुन्नरच्या मुसलमान घरातला. त्याचे वडील पेट्या-तबले दुरुस्त करायचे, चुलते लग्नात बेंजो वाजवायचे. मागं संबळ, ढोलकी आणि एक विलायती ड्रमसेट. गोंधळ, भारूड, जात्यावरच्या ओव्या, फेराची गाणी, सगळं ते इलेक्ट्रिक गिटारीवर घ्यायचे आणि असं घ्यायचे की अंगावर काटा यायचा. आमचा भाग तमाशाचा. त्या भागात नाचाशिवाय जत्रा गाजवून दाखवायची म्हणजे खायचं काम नव्हतं. यांनी ती वर्षानुवर्षं गाजवली. मग डीजे आले, यांची केसं पिकली, आणि संच बसला.

तर ग्रुपात रोज आठवणी पडतात. आणे गावच्या पठारावर थंडीत घोंगड्या पांघरून ऐकलं. डिंभ्याला कार्यक्रम संपेपर्यंत एसटी गेली, मग धरणाच्या कडेनं गाणी म्हणत चालत निघालो. कुठं ॲम्प्लिफायर जळला तरी गड्यांनी संबळावर रेटून नेलं. कुठं ट्रॉलीवर इतकी माणसं चढली की ट्रॉलीच कलली. चांगल्या आहेत आठवणी, खोट्या नाहीत. पण एकूण एक रात्रीच्या. वाचून वाटावं की गिटारवाले दिवसा या पृथ्वीवर नव्हतेच. आणि एकानं तर लिहिलं, त्या वेळी कार्यक्रमाला बाईमाणूस नसायचं, त्यामुळं वातावरण कसं मोकळं असायचं. त्याला धडाधड अंगठे पडले.

बाईमाणूस नसायचं! का नसायचं, ते विचारा ना स्वतःला. जत्रेच्या रात्री घरोघर पंगती उठत होत्या. तुम्ही जेवून, मिशा पुसून मैदानाकडं निघालात, तेव्हा मागं खरकटं कोण काढत होतं? लांबून स्पीकरचा आवाज यायचा, तोही वारा असेल तसा. भांडी घासताना एखादी ओळ कानावर पडायची आणि बाकीची राखेच्या खरखरीत जायची. हे मी त्या ग्रुपावर लिहिलं. दिवसभर कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकानं गुलाबाचं फूल टाकलं, शुभ सकाळ म्हणून.

पण आम्ही गिटारवाल्यांना ऐकलं नाही असं नाही. आम्ही ऐकलं, आणि माझं म्हणणं विचाराल तर त्यांच्यापेक्षा चांगलं ऐकलं. आम्ही हजेरी ऐकली. आमच्याकडं जत्रेत रात्री ज्यानं खेळ केला, त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं देवाला हजेरी द्यायची आणि मगच गाव सोडायचं. तमाशाचे फड देतात. गिटारवाल्यांनीही हा नेम कधी मोडला नाही. सकाळपर्यंत स्टेज उतरवलेलं असायचं, जनरेटर परत गेलेला, स्पीकर टेम्पोत चढलेले. गायक देवळाच्या ओट्यावर मांडी घालायचा, गिटारवाला साधी लाकडी गिटार काढायचा, शेजारी संबळ. माइक नाही, वायर नाही. पुरुष मंडळी एकतर घोरत पडलेली, नाहीतर बैलगाड्यांच्या शर्यती बघायला घाटात गेलेली. आणि आम्ही बायका दहीभाताचा निवद घेऊन देवळात. निवद दाखवायला कुणाला विचारावं लागत नाही. ताट देवापुढं टेकवायचं आणि ओट्याखाली बसकण मारायची. घरी कुणी विचारलंच, तर देवळात गर्दी होती.

लग्न होऊन मी महाळुंगे पडवळात आले, त्या पहिल्या जत्रेला मला हाताला धरून थोरल्या जाऊबाईनं तिथं नेलं. तिला मी अक्का म्हणते. तोंडावर अहो-जाहो, मनात ‘ती’. घरात अक्का म्हणजे मोजकं बोलणारी बाई. सासूपुढं तर तोंडाला कुलूप. पण त्या ओट्याखाली ती वेगळीच झाली. इतकी पुढं सरकून बसली की संबळाची काडी तिला लागावी. गायकानं एक ओवी संपवली, तशी ही खालून म्हणाली, एक कडवं गाळलंत. तो हसला, म्हणाला, मावशी, तुमीच सांगा मग. आणि अक्कानं सांगितलं, भर देवळापुढं, डोक्यावरचा पदर पुढं ओढून, पण खणखणीत. गिटारवाल्यानं सूर धरला, गायकानं कडवं उचललं, आणि बायकांच्यात असं काही हसू उसळलं की निवदाची ताटं वाजली. पुढं दरवर्षी हेच. ते दोन-तीन गाणी म्हणायचे आणि थांबून आमच्याकडं बघायचे, की सांगा, काय चुकलं. रात्री हजारो माणसं शिट्ट्या मारायची, पण त्यांना कुणी चूक दाखवायचं नाही. ती आम्ही दाखवायचो.

आता अक्का सत्तरीच्या पुढं आहे. तिचा डावा कान आधीच गेला. मग उजवाही जायला लागला. मी तिला मंचरला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं तपासलं, मशीन दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की समोरासमोर बोललेलं काही काळ कळेल, पण कान उतरतोय, पुढच्या जत्रेपर्यंत किती राहील ते सांगता येत नाही. मोठ्या आवाजात मशीन शिट्टी मारतं, कानात नुसता कालवा होतो, तेव्हा लाउडस्पीकरजवळ नेऊ नका. हे मी लक्षात ठेवलं. मी एकटीनंच ठेवलं, असं आता म्हणावं लागतं.

तेवढ्यात ग्रुपात बातमी फुटली. गिटारवाले परत येणार, आमच्याच जत्रेला, शेवटचं एकदा. जुन्या गड्यांपैकी जे उरलेत ते सगळे. ग्रुप नुसता वेडा झाला. दिरानं रात्रीच्या कार्यक्रमाचं पोस्टर टाकलं, मी ते अक्काला दाखवलं. ती गोठ्यात शेण भरत होती. हात धुऊन आली, मोबाइल लांब धरून बघितला आणि मला म्हणाली, "हजेरी देणार का गं ते? रातच्याला मला नाय जमायचं. सकाळी बिगर माइकचं म्हणले, तर तेवढं एकदा ऐकीन. मग गेला कान तरी जाऊ दे." एवढंच. आयुष्यात या बाईनं माझ्याकडं काही मागितलं असेल तर हे.

मी ग्रुपात विचारलं, हजेरी आहे का? दिरानं हात जोडलेलं चित्र टाकलं. एकानं लिहिलं, ताई, हजेरी म्हणजे नुसता उपचार, खरा माल रात्रीचा. दुसरा म्हणाला, म्हातारी माणसं आहेत ती, कशाला सकाळी त्रास. तिसऱ्यानं हसरं तोंड टाकलं. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की मोबाइल चुलीत घालावासा वाटला. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, जाऊ दे ना, तू कशाला नादी लागतेस. आमच्या घरात जाऊ दे म्हणायला माणूस ठेवलेला आहे, तो हा.

मी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीनं जुन्नर गाठलं. गिटारवाल्याचं घर बाजारपेठेच्या मागं आहे, पुढच्या खोलीत अजून वाद्यांच्या दुरुस्तीचं दुकान. माणूस वाळलाय, पण बोटं तशीच लांब. मी हजेरी म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा खुलला. त्याला सगळं आठवत होतं. म्हणाला, रात्री आम्ही वाजवायचो आणि सकाळी आमची परीक्षा असायची. मी त्याला अक्काच्या कानाचं सांगितलं, नीट, एकेक गोष्ट. स्पीकर नको, माइक नको, ती पुढं बसेल, तुम्ही फक्त तिच्या समोर वाजवा. त्यानं गिटारीवर हात ठेवला. "ताई, शब्द देतो. माइकला हातबी लावत न्हाई." मी उड्या मारत घरी आले म्हटलं तरी चालेल.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दीर आला. उंबऱ्यातूनच सांगत आला, की वहिनी, तुमची हजेरी मंजूर! जणू त्याच्या खिशातनं काढून देत होता. म्हणाला, गिटारवाल्यांचा फोन आला, हट्टच धरला त्यांनी, मग आमच्या जत्रा कमिटीनं ठरवलं की करायचं तर जोरात करायचं. मी म्हटलं, जोरात नको, साधं हवं, अक्काला माइक चालत नाही. तो म्हणाला, थोरल्या वहिनींची काळजी तुम्ही करू नका, त्यांचं मी खास बघतो. ते ‘खास’ ऐकूनच मला शंका यायला हवी होती. पण तो इतका खुशीत होता आणि अक्काही आतून हसत बघत होती, तेव्हा मी चहा टाकला.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का केव्हाची तयार. हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात निवदाचं ताट. मशीनचे सेल मी आदल्या दिवशी नवे घातले होते. वाटेत तिनं मला दोनदा विचारलं, की गायकाचा आवाज राहिला असेल का. देवळाच्या कोपऱ्यावर वळलो आणि मी जागच्या जागी थिजले.

ओट्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच काळे स्पीकर रचलेले. मागं जनरेटर भकभकतोय. वर फ्लेक्स, त्यावर ‘ऐतिहासिक हजेरी सोहळा’ आणि कमिटीच्या सगळ्या गड्यांचे फोटो, गॉगल लावलेले. समोर खुर्च्याच खुर्च्या आणि त्यांत तो अख्खा ग्रुप. ज्यांनी जन्मात एक हजेरी बघितली नव्हती ते आण्याहून, डिंभ्याहून, नारायणगावाहून गाड्या काढून आलेले. बैलगाड्यांच्या घाटाकडं आज कुणी फिरकलं नव्हतं. आणि बायका? बायका दोरीच्या मागं, नळाच्या टाकीपाशी, ताटं हातात घेऊन उभ्या. दोरीला कागद लावला होता, महिला विभाग.

मी दिराला गाठलं. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो आधी चकित झाला, मग दुखावला. म्हणाला, "वहिनी, एवढी माणसं आलीत. मागच्यांना काय ऐकू जाणार? आणि थोरल्या वहिनींना ऐकू कमी येतं ना, म्हणून तर त्यांची खुर्ची मी बॉक्सच्या शेजारी ठेवलीय." त्याच्या डोळ्यांत खरंच माया होती. तीच तर आग आहे माझ्या डोक्यातली. दुष्ट माणसाशी भांडता येतं. याच्याशी कसं भांडणार? यानं प्रेमानं, खास लक्ष घालून, त्या बाईला नेमकं जिथं बसवायचं नव्हतं तिथं बसवलं.

मी ओट्याकडं गेले. गिटारवाला वायर जोडून बसला होता. साधी लाकडी गिटार नव्हतीच, ती रात्रीची चकचकीत. मला बघून त्यानं तळहात उघडे करून दाखवले. कमिटीचं म्हणणं पडलं, म्हणाला, आता शेवटच्या खेळाला वाद कशाला. मी म्हटलं, शब्द कुणी दिला होता? तो तारा पिळायला लागला. एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, तो माणूस खाली मान घालून तारा पिळत होता. दिरापेक्षा मला त्याचाच राग जास्त आला आणि अजून आहे. त्याला सगळं माहीत होतं. त्याला आमची किंमत माहीत होती. त्यानं फक्त एकदा नाही म्हणायचं होतं.

तोपर्यंत दोघा-तिघांनी अक्काला दोरीपलीकडून सन्मानानं उचलून आणलं होतं. ज्येष्ठ रसिक म्हणून माइकवर पुकारा झाला. खुर्चीत बसवलं, शाल घातली, नारळ दिला. टाळ्या झाल्या, मोबाइल वर झाले. मग पहिला ठोका पडला आणि माझ्या छातीत हादरा बसला. अक्कानं दचकून कानाला हात लावला. मशीन शिट्टी मारत असणार. तिनं ते हळूच काढलं, पदराच्या टोकात बांधलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. मला कमिटीच्या पोरांनी परत दोरीमागं घालवलं होतं, मध्ये सगळ्या खुर्च्या. ती गायकाच्या तोंडाकडं बघत होती, मग गिटारीवरच्या बोटांकडं, मग परत तोंडाकडं. मध्येच तिचे ओठ हलायचे आणि थांबायचे. आपण कुठल्या ओळीवर आहोत ते तिला लागत नव्हतं.

दोन-तीन गाणी झाल्यावर दिराला आणखी उमाळा आला. त्यानं माइक तिच्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, दोन शब्द बोला. अक्कानं माइककडं बघितलं. समोरच्या एवढ्या पुरुषांकडं बघितलं. मला वाटलं ही आता नुसतं हात जोडेल. पण ती सरळ बोलली, आणि ते सगळ्या गावानं ऐकलं.

"मला काय बी ऐकू येत न्हाई."

म्हटलं, आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल. खुर्च्यांमधून हळहळ उठली, एकदम मनापासून. आणि दिरानं मान वळवून साउंडवाल्याला हातानं खूण केली, वाढव. साउंडवाल्यानं वाढवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी ओरडले. बंद करा म्हणून ओरडले, शिव्याही दिल्या असतील. माझ्या शेजारच्या बाईलाही ते ऐकू गेलं नाही. अक्का मात्र उठली होती. तिनं शाल काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला. निवदाचं ताट उचललं, कारण निवद दाखवायचा राहिला होता. ओट्याला वळसा घालून ती देवळात गेली, बाहेर आली आणि घराच्या वाटेला लागली. मागं ढोलकी चालूच होती. गायकानं तिला जाताना बघितलं, त्याचा सूर जरा अडखळला, पण त्यानं गाणं सोडलं नाही.

घरी पोचेपर्यंत माझ्या मोबाइलनं धिंगाणा घातला होता. ऐतिहासिक. न भूतो. धन्य झालो. अक्काचा एक फोटो होता, पदराचं टोक गालाशी धरलेला, आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, जुन्या आठवणींनी माउलीला अश्रू अनावर. अश्रू! ती कान चोळत होती. ठणका लागला होता कानाला. मी तिथल्या तिथं लिहून टाकलं, की ती रडत नव्हती, तुम्ही तिच्या कानाचं वाटोळं केलंत. कुणीतरी लगेच हात जोडले आणि खाली त्याच फोटोला आणखी अंगठे पडत राहिले.

आता तो उजवा कानही गेला. दिवाळीच्या आसपास गेला. हल्ली आम्ही हातवाऱ्यांनी बोलतो, आणि फारच अडलं तर ती माझ्या तोंडाकडं बघते. गिटारवाले पुन्हा वाजवणार नाहीत, हे त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं. ग्रुप मात्र चालू आहे. आता त्यात हजेरीच्याही आठवणी पडतात.

पण त्या दिवशी अक्काला अजून थोडं ऐकू येत होतं. ती ओसरीवर बसली, पदराची गाठ सोडली, मशीन कानात घातलं आणि मला समोर बसवलं. माझी बडबड चालूच होती, दीर असा, कमिटी तशी, तो गिटारवाला तर शब्दाला नाही जागला. तिनं हात वर करून मला थांबवलं. "ते ऱ्हाऊ दे. वाजवलं कसं त्यांनी? तू व्हतीस ना."

मी तोंड उघडलं आणि मला काही सांगता येईना. मी पूर्ण वेळ तिथं होते, दोन्ही कान धड. पहिलं गाणं कोणतं म्हटलं, ते मला आठवेना. गायकाचा आवाज राहिलाय का, तेही सांगता येईना. मला ते स्पीकरचे खोके आठवत होते, दोरी आठवत होती, फ्लेक्सवरचे गॉगल आठवत होते. मी म्हटलं, अक्का, मला नाही माहीत. माझं सगळं लक्ष त्यांच्याशी भांडण्यात होतं.

"मंग तू बी बहिरीच की गं," म्हणाली आणि हसायला लागली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मला हसू आलं नाही. अजूनही येत नाही.